नऊ बाटल्या आणि एक घंगाळ

रविवारी, २४ नोव्हेंबर २०२४ ला, आईबाबांच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली. घरातल्या घरात वीस माणसं, सगळा स्वयंपाक घरचा आणि आमच्या कुटुंबात पहिल्यांदाच जेवणासोबत वाइन. हे सगळं निस्तरायला मला जवळजवळ दोन महिने लागले. ऑगस्टमध्ये मी याच गोष्टींबद्दल शोधत होते तेव्हा जे सापडलं ते एकतर तळघरात वाइन ठेवणाऱ्यांसाठी लिहिलेलं होतं, नाहीतर पुण्या-मुंबईतल्या पंचतारांकित हॉटेलांबद्दल. माहीमच्या दोन खोल्यांत, पश्चिमेच्या उन्हात, दहा हजारांत हे कसं करायचं ते कुणी सांगत नव्हतं. म्हणून लिहिते आहे.

मूळ इच्छा आईची. २०१९ मध्ये त्र्यंबकेश्वरहून परत येताना आम्ही गंगापूर धरणाजवळच्या एका वाइनरीत थांबलो होतो. बाबांनी सगळ्या चवी घेतल्या, आईने दोन घोट घेतले आणि त्यावर काही बोलली नाही. पाच वर्षांनी, ऑगस्टमधल्या एका दुपारी मटार सोलता सोलता म्हणाली, "ती नाशिकची पांढरी परत एकदा प्यायला आवडेल गं." आमच्या घरात आईने स्वतःसाठी काही मागणं ही घटना आहे.

बाबांचा पहिला प्रश्न, "परमिट आहे का तुझ्याकडे?" बाबा सरकारी नोकरीतून निवृत्त झालेत. त्यांच्या जगात आधी कागद, मग बाटली.

प्रश्न रास्त होता. आपल्याकडे १९४९ चा दारूबंदी कायदा अजून आहे आणि त्यानुसार महाराष्ट्रात दारू विकत घ्यायला, बाळगायला आणि प्यायला परवाना लागतो. एक दिवसाचा पाच रुपयांना, वर्षाचा शंभरला, आजन्म हजारला. एक दिवसाचा वाइन शॉपमध्येच मिळतो. वाइन आणि बिअरसाठी वय किमान २१, कडक दारूसाठी २५. बाबांकडे आजन्म परमिट आहे. त्यावर प्रकृती राखण्यासाठी मद्याची गरज असल्याचा उल्लेख आहे, आणि तो कागद ते एलआयसीच्या पॉलिसीसोबत ठेवतात. मी वर्षाचा ऑनलाइन काढला. आधार, पत्त्याचा पुरावा, फोटो, शंभर रुपये. माझा फोटो ठरलेल्या मापापेक्षा मोठा होता, म्हणून अर्ज दोनदा अडकला. चूक माझीच, सूचना वाचल्या नव्हत्या. अर्ज करायच्या आधीच फोटो लहान करून ठेवा, अर्धा तास वाचेल.

सुरुवातीला कार्यक्रम सोसायटीच्या हॉलमध्ये करायचा बेत होता. पण तिथे मद्य द्यायचं तर समारंभासाठी एक दिवसाचा वेगळा परवाना काढावा लागतो, शिवाय सोसायटीची संमती. सेक्रेटरीकाकांना हे विचारायला जायचं या कल्पनेनेच आईला घाम फुटला. "त्यापेक्षा घरात दाटीवाटीने बसू." आईबाबा दुसऱ्या मजल्यावर, आम्ही तिसऱ्या. जेवण खाली, जास्तीच्या चपला आणि लहान मुलं वर, असं ठरलं.

सप्टेंबरच्या शेवटी पहिली बाटली आणली आणि तिथेच माती खाल्ली.

एका कॅबर्नेला, म्हणजे एका रेड वाइनला, मी ११५० रुपये दिले. चांगली वाइन "मुरते" असं ऐकून होते, म्हणून ती लोखंडी कपाटाच्या वरच्या खणात, साड्यांच्या मागे ठेवली. अंधार आहे, हात लागत नाही, झालं. आमचं ते कपाट पश्चिमेच्या भिंतीला आहे. ऑक्टोबर हीटमध्ये ती भिंत दुपारी तीनपासून रात्री आठपर्यंत तव्यासारखी असते. वीस दिवसांनी बाटली काढली तर बूच काचेच्या कडेपेक्षा थोडं वर आलं होतं आणि लेबलवर एक चिकट ओघळ. उघडली. फळाचा ताजेपणा गेलेला, उकळलेल्या मनुकांसारखा वास, मागून कडवट. नवऱ्याने घोट घेतला आणि म्हणाला, "आजीचं द्राक्षासव." तो विनोद करत होता, पण चव खरंच तिकडेच गेली होती. ती बाटली मी शिकवणीची फी म्हणून धरली आणि एकूण हिशेबात घेतली नाही.

दुसऱ्या दिवशी लेकाच्या माशांच्या टाकीसाठी म्हणून एक थर्मामीटर आणलं, १२० रुपये. टाकीत ते अजून गेलेलं नाही. पेलाभर पाण्यात ते बुडवून मी घरात चार ठिकाणी चार-चार तास ठेवलं. हवेचा आकडा सारखा हलतो, पाण्याचा स्थिर येतो आणि बाटलीतली वाइनही पाण्यासारखीच हळूहळू तापते. कपाटाचा वरचा खण ३३. त्याच कपाटाचा तळ ३०. आतल्या खोलीत पलंगाखाली, फरशीला टेकून २८. मोरीच्या कोपऱ्यात २७. पुस्तकं सांगतात १२ ते १४ अंश. म्हणजे ऑक्टोबरच्या मुंबईत फ्रिज सोडून घरातली एकही जागा वाइनसाठी नाही, एवढं त्या पेल्याने मला सांगितलं.

माठाची आयडियाही करून पाहिली, कारण घरातल्या प्रत्येकाने सुचवली. ओलं फडकं गुंडाळून बाटली खिडकीत. विदर्भात कूलर चालतो, मुंबईत चालत नाही, त्याचंच कारण इथेही आहे. हवेतच इतकं बाष्प की फडक्यातलं पाणी उडायला तयार नसतं. दोन अंश उतरले. फडक्याला बुरशीचा वास मात्र आला.

तेव्हापासून माझा नियम असा की वाइन साठवायचीच नाही. लागेल तेव्हा, लागेल तेवढी आणायची आणि तोपर्यंत सांभाळायचं काम दुकानदाराला करू द्यायचं. त्यामुळे दुकान निवडणं हेच खरं काम झालं. माहीम ते दादर या पट्ट्यात मी सहा दुकानं पाहिली. काही ठिकाणी बाटल्या रस्त्याकडच्या काचेत, उन्हात उभ्या. तिथून काही घेऊ नका, कितीही स्वस्त दिली तरी. एका दुकानात आत एसी होता, वाइन मागच्या खणात आडवी होती आणि काउंटरवरच्या मुलाने मला न विचारता सांगितलं, "ताई, ही पांढरी गेल्या वर्षीची आहे. नवी येतेय दिवाळीनंतर, थांबा." त्याच दुकानातून सगळं घेतलं.

बाटली हातात घेतली की काय बघायचं, तेही त्याच मुलाने शिकवलं. बूच कडेच्या पातळीला आहे ना, वर आलेलं नको. मानेतली वाइनची पातळी शेजारच्या बाटलीएवढीच आहे ना. लेबलवर ओघळ नको. पांढरी आणि रोझे (गुलाबी) असेल तर सालाचा आकडा जितका नवा तितकी बरी. इथे एक गंमत आहे. नाशिककडे वाइनची द्राक्षं साधारण जानेवारी ते मार्चमध्ये तोडतात, युरोपात सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. त्यामुळे लेबलवर २०२४ लिहिलेली नाशिकची पांढरी त्याच वर्षीच्या दिवाळीत दुकानात असू शकते, आणि फ्रान्समधली त्याच सालची तेव्हा नुकती पिंपात गेलेली असते. फिरकीचं झाकण असलेली बाटली हलकी समजू नका. मुंबईसाठी मला तीच बरी वाटते. बूच सुकायची भीती नाही, आडवी ठेवायची गरज नाही, ओपनर शोधायचा नाही.

परदेशी वाइनचा नाद मी लवकर सोडला. आयातीवर तेव्हा, २०२४ मध्ये, १५० टक्के सीमाशुल्क होतं. डिसेंबर २०२२ पासूनच्या करारामुळे ऑस्ट्रेलियाच्या काही वाइन्सना त्यात सवलत मिळत होती, एवढंच. म्हणजे पंधराशेच्या परदेशी बाटलीत द्राक्षांचे पैसे किती आणि कराचे किती, याचा विचार केला की हात आपोआप नाशिककडे वळतो. महाराष्ट्राने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणून इथल्या द्राक्षांच्या वाइनला उत्पादन शुल्कात सूट दिली. त्यामुळे नाशिकच्या आणि अकलूजच्या बाटल्या आपल्याला इथे त्यातल्या त्यात परवडतात. (जानेवारी २०२२ मध्ये सुपरमार्केटात वाइन ठेवू द्यायचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला होता, तो अमलात आला नाही. आला असता तर आईने साबुदाण्यासोबत स्वतःच घेतली असती.)

२६ ऑक्टोबरला, दिवाळीच्या आधीच्या शनिवारी, चार मैत्रिणींना घरी बोलावलं. आम्ही पाच जणी, चार बाटल्या, ३६०० रुपये, म्हणजे प्रत्येकी ७२०. एक शेनँ ब्लाँ आणि एक सोव्हिन्यॉं ब्लाँ या दोन पांढऱ्या, एक झिनफँडल रोझे, आणि एक शिराझ, म्हणजे रेड. सगळ्या बाटल्यांवर नवऱ्याचे मोजे चढवले, धुतलेले, आणि वर आकडे चिकटवले. सोबत मुद्दाम आईच्या मेन्यूतलेच पदार्थ. कोथिंबीर वडी, तळलेली सुरमई, सुकं मटण.

एकटीने चाखत बसले असते तर महागडीच चांगली म्हणाले असते. मोजे चढवल्यावर चौघींनी सर्वांत स्वस्त शेनँ पहिली लावली. जराशी गोडसर, पेरूसारखा वास, आणि कोथिंबीर वडीतल्या मिरचीला समजून घेणारी. सोव्हिन्यॉं एकटी छान होती, वडीबरोबर मात्र मिरची आणि वाइन दोघी भांडायला लागल्या. शिराझ सुरमईबरोबर घेतली आणि तोंडात लोखंडाची चव आली. रेड वाइनमधल्या लोहामुळे माशाबरोबर असं होतं, हे मला नंतर कळलं. त्याच शिराझने मटणाबरोबर मात्र सगळं माफ करून घेतलं. तिखटाबरोबर जास्त तुरट आणि जास्त अल्कोहोलची वाइन आग वाढवते. आमचं मटण सीकेपी पद्धतीचं असलं तरी मी मसाला एका चमच्याने कमी केला. आईला ते अजून सांगितलेलं नाही.

त्या संध्याकाळी आणखी एक गोष्ट कळली. शिराझ आम्ही "रूम टेंपरेचर"ला दिली होती, कारण रेड तशीच द्यायची असते असं सगळ्यांना पाठ असतं. पहिला घोट नुसता नाकात जाणारा, औषधासारखा. मैत्रीण म्हणाली, ज्यांनी हा नियम केला त्यांची रूम माहीममध्ये नव्हती. उरलेली अर्धी बाटली पाऊण तास फ्रिजमध्ये ठेवली, थर्मामीटर १७ वर आलं, आणि तीच वाइन गोळीबंद, नीट झाली. तेव्हापासून मी रेडसुद्धा फ्रिजमधूनच काढते. पांढरी ८-१० अंशाला, रेड १६-१७ ला. थर्मामीटर नसेल तर पांढरी तीन तास फ्रिजमध्ये, रेड पाऊण तास.

आता खरेदी. हिशेब सोपा होता. ७५० मिलीच्या बाटलीत १५० मिलीचे पाच पेले बसतात. वीस माणसांत पिणारी बारा. त्यांतली चार "फक्त चवीपुरती". माणशी अर्धी बाटली धरली तर सहा, दोन जास्तीच्या, आणि एक आईची. नऊ. माझा बेत होता सगळं शनिवारी, २३ ला सकाळी आणायचं. एक दिवस फ्रिजमध्ये, संपलं.

९ नोव्हेंबरला त्या दुकानात शेनँ आली का बघायला गेले तर काउंटरवर हाताने लिहिलेला कागद. ड्राय डे: १२, १८ संध्याकाळपासून २० संध्याकाळपर्यंत, २३.

१२ ला कार्तिकी एकादशी. २० ला विधानसभेचं मतदान, म्हणून मतदान संपण्याआधीचे ४८ तास. २३ ला मतमोजणी. माझा शनिवार नेमका मतमोजणीचा! तारीख मला माहीत होती, मत कुणाला द्यायचं यावर घरात रोज वाद चालू होता, पण या दोन गोष्टी डोक्यात एकत्र आल्याच नाहीत. बाबांना सांगितलं तर ते शांतपणे म्हणाले, "आमचं लग्नही लोकसभेच्या निवडणुकीच्या एक महिना आधी झालं. वऱ्हाडाला लाऊडस्पीकर मिळाला नव्हता." चाळीस वर्षांनी तेच.

कुणालाही घरी कार्यक्रम करायचा असेल तर तारीख ठरवण्याआधी ड्राय डेची यादी बघा. आषाढी-कार्तिकी एकादशी, अनंत चतुर्दशी, राष्ट्रीय दिवस हे दरवर्षीचे. निवडणूक हा पाहुणा मध्येच येतो.

मग खरेदीचे दोन भाग केले. चार रेड शनिवारी १६ ला, कारण रेड आठवडाभर फ्रिजच्या तळाशी आरामात राहते. पांढरी आणि रोझे गुरुवारी २१ ला. १६ ला दुकानात रांग होती, सगळ्यांच्या डोक्यात १८ तारीख. मी चार बाटल्यांसाठी चाळीस मिनिटं उभी राहिले. माझ्या पुढचे एक काका लग्नाच्या वऱ्हाडासाठी व्हिस्कीच्या पेट्या मोजत होते आणि माझ्या पिशवीकडे बघून म्हणाले, "वाइन? बरं आहे, तब्येतीला चांगली." तब्येतीचा काही संबंध नाही, असं सांगायचा मोह आवरला.

भाजीची पिशवी, आत जुनी ओढणी, प्रत्येक बाटलीभोवती वर्तमानपत्र. सकाळी साडेदहाच्या आत घरी. दुपारी टॅक्सीच्या डिकीत बाटल्या टाकून दुसऱ्या कामाला जायचा बेत कुणी केला तर त्याला अडवा. डिकी म्हणजे भट्टी.

बिल असं झालं. रेड चार, प्रत्येकी १०५०. शेनँ तीन, प्रत्येकी ८८०. रोझे दोन, प्रत्येकी ९५०. एकूण ८७४०. न उघडलेल्या बाटल्या परत घेणार का, विचारून पाहिलं. "एकदा बाहेर गेली की परत नाही, ताई." हे आधीच विचारून घ्या, म्हणजे उगाच बाराची पेटी घ्यायचा मोह होत नाही.

फ्रिजचं म्हणाल तर आमच्या खालच्या कप्प्यात रेड, आईच्या फ्रिजमध्ये पांढरी. आईच्या फ्रिजमध्ये बोंबील होते. वास बाटलीत जाईल का, या चिंतेने तिने बोंबील दोन पिशव्यांत बांधून तिसऱ्या डब्यात घातले. बंद बाटलीत आठवडाभरात वास जात नाही. पण बोंबलांची शिस्त लागली ती बरीच झाली.

पेले विकत घ्यायचे की भाड्याने, यावर आठवडा गेला. स्टीलचे पेले मी एकदा करून पाहिले. चव बिघडत नाही, पण वास कळत नाही, आणि वाइनमध्ये निम्मी मजा वासाची आहे. क्रॉफर्ड मार्केटजवळ काचेचे चांगले दांडीवाले पेले मिळतात, पण चोवीस पेले नंतर ठेवायचे कुठे? शेवटी मंडप डेकोरेटरकडून चोवीस पेले भाड्याने, दहा रुपये एक, ५०० अनामत. ते आणले तेव्हा त्यांना डांबराच्या गोळ्यांचा वास होता. भांडी घासायच्या वडीने धुतले तर लिंबाचा वास बसला. मग नुसत्या कढत पाण्याने दोनदा खळबळवले आणि जुन्या सुती पंच्यावर उपडे घातले. पेल्यात नाक घालून वास घ्यायचा, काहीच आला नाही की पास.

आता घंगाळ.

बर्फाची बादली आमच्याकडे नाही. प्लास्टिकच्या बादलीला आईने साफ नकार दिला, "न्हाणीतली बादली पाहुण्यांसमोर?" मग आजीचं तांब्याचं घंगाळ माळ्यावरून काढलं. आंघोळीचंच, पण तांब्याचं असल्यामुळे चाललं. या घरातलं तर्कशास्त्र असंच आहे. घंगाळात सहा बाटल्या उभ्या राहतात. नुसता बर्फ घातला तर बाटलीला तो ठिकठिकाणीच टेकतो, मध्ये हवा राहते. बर्फ आणि पाणी अर्धं अर्धं केलं की थंड पाणी बाटलीला सगळीकडून लागतं. त्यात दोन मुठी जाडं मीठ. मिठामुळे पाण्याचा गोठणबिंदू उतरतो आणि घंगाळ शून्याच्या खाली जातं. माझी उबदार बाटली वीस मिनिटांत १० अंशावर आली. कुल्फीवाल्यांना हे कधीपासून माहीत आहे. मीठ घातलेलं बघून आई ओरडली, कारण मीठ तांब्याला डाग पाडतं. डाग पडले. दुसऱ्या दिवशी चिंच आणि अर्धा तास घासणं माझ्या वाट्याला.

रविवारी सकाळी नवरा दुकानात जाऊन बर्फाच्या पिशव्या (१८० रुपये) आणि ज्यांच्याकडे परमिट नव्हतं त्या दहा जणांच्या नावाचे एक दिवसाचे परवाने घेऊन आला. पन्नास रुपये. यादी करताना मामांनी विचारलं, "माझंही नाव लिहिलंस? छान. आता कायदेशीर झालो." माझा वीस वर्षांचा आतेभाऊ यादीत नव्हता. तो दिवसभर रुसून होता.

संध्याकाळी सातला सगळे आले. माझी सगळ्यात मोठी काळजी वाइनची नव्हती. काळजी होती मोठ्या काकूंची आणि आत्यांची. पितात की नाही, चारचौघांत विचारलं तर काय वाटेल. यावर आईने जो तोडगा काढला तो या सगळ्या लेखातली सर्वांत उपयोगी गोष्ट आहे. तिने कोकम सरबतही त्याच दांडीच्या पेल्यांत ओतलं. रोझे आणि कोकम, रंगात फार फरक नाही. ट्रे फिरला, ज्याला जे हवं ते त्याने उचललं आणि कुणाच्या हातात काय आहे ते कुणाला कळेना. मोठ्या काकूंनी उचललेला पेला कोकमाचा नव्हता, एवढंच मला माहीत आहे. त्यांनी दुसराही उचलला.

ओतताना पेला कधीच भरायचा नाही. आमच्या वाटीने मोजून पाहिलं होतं, शंभर-सव्वाशे मिलीच्या खुणेपर्यंत. वीस माणसं, दोन शेगड्या, तीन पंखे. भरलेला पेला दहा मिनिटांत कोमट होतो. थोडं ओतायचं आणि बाटली परत घंगाळात.

एका रेडचं बूच मोडलं. नवीन ओपनर (२५० रुपये) वाकडा घुसवला, अर्धं बूच आत. घाबरायचं काही नाही, बूच आत ढकललं आणि गाळणीतून जगमध्ये गाळलं. मात्र चहाची गाळणी घेऊ नका. मी तीच हातात घेतली होती. मावशीने वेळेवर थांबवलं आणि कोरी, न वापरलेली दुधाची गाळणी दिली. गाळल्यामुळे हवा लागून ती बाटली उलट जास्त चांगली लागली, असं मामांचं म्हणणं. मामांना त्या वेळी सगळंच चांगलं लागत होतं. त्यांची गाडी आम्ही खालीच ठेवली आणि त्यांना टॅक्सीत बसवलं.

आईने शेनँ घेतली. बाबांच्या शेजारी, सोफ्याच्या टोकाला बसून, पापलेटाचा तुकडा आणि एक घोट, परत तुकडा, परत घोट. मी विचारलं, नाशिकसारखी आहे का? म्हणाली, "नाशिकला उभ्याने प्यायले होते. आज बसून."

रात्री साडेअकराला मोजणी केली. सात बाटल्या संपल्या, एक रोझे न उघडलेली, एका शिराझची अर्धी शिल्लक. उरलेली वाइन मोठ्या बाटलीत ठेवली तर आतल्या हवेने दोन दिवसांत शिळी होते. ती मी उकळत्या पाण्याने धुतलेल्या सोड्याच्या लहान बाटलीत काठोकाठ भरली, झाकण घट्ट, फ्रिजमध्ये. अशी चार दिवस राहते. एक पेला फुटला, अनामतीतून साठ रुपये गेले. वाइन, बर्फ, भाडं, परमिटं, ओपनर, थर्मामीटर, फुटलेला पेला असं सगळं धरून ९७४०. ती कपाटात शिजलेली बाटली आणि मैत्रिणींबरोबरचे ७२० वेगळे.

रिकाम्या बाटल्या सोमवारी भंगारवाल्याला दिल्या. त्याने त्या एकेक करून गोणीत टाकल्या, जिन्यात खणखणाट झाला आणि तळमजल्यावरच्या आजींनी दार उघडून मोजल्या. शिराझची धरून आठ.

बुधवारी संध्याकाळी आईचा वरून-खालून हाक मारायचा नेहमीचा आवाज आला. भरीत केलं होतं. "ती सोड्याची बाटली तुझ्या फ्रिजमध्ये आहे की बाबांनी संपवली?"

माझ्या फ्रिजमध्ये होती. पाऊण तास बाहेर काढून ठेवायची गरज नव्हती, आईला थंडच आवडते.